पडदा काळा झाला म्हणजे हिशेब गेला असं नाही



गेल्या वर्षी मार्च महिन्यात आपल्या संघाच्या कार्यालयातला कॉम्प्युटर सुरू होईना. बटण दाबलं की पेटीत पंख्याचा आवाज यायचा, पण समोर स्क्रीनवर काहीच नाही. काळाकुट्ट पडदा. ऑडिट आठ दिवसांवर आलेलं. लेखापाल ताईंनी मला फोन केला तेव्हा मी एका गावात ग्रामसंघाच्या बैठकीत होते. बाजूला कर्ज मागणीवरून चर्चा तापलेली. मी काहीही न विचारता सांगून मोकळी झाले, "तालुक्याला दुकानात देऊन टाका."

दोघी ताईंनी ती पेटी जुन्या गोधडीत गुंडाळली आणि एसटीत मांडीवर घेऊन नेली. मॉनिटर जड, शिवाय काच फुटायची भीती, म्हणून तो कार्यालयातच ठेवला. दुकानात सांगितलं, "चालत नाही." दुसऱ्या दिवशी फोन आला, झालंय, घेऊन जा, ९०० रुपये. दुकानातल्या स्क्रीनवर चालू करून दाखवलं, मस्त दिसत होतं. पुन्हा गोधडी, पुन्हा एसटी. कार्यालयात आणून वायरी जोडल्या, बटण दाबलं, आणि परत काळा पडदा!

शेवटी शेजारच्या घरातला कॉलेजला जाणारा मुलगा आला. त्यानं मॉनिटरच्या मागे हात घातला, निळ्या टोकाची वायर दाबली, तिचे दोन स्क्रू पिळले. चित्र आलं. मागच्या आठवड्यात भिंतीला रंग देताना टेबल सरकवलं होतं, तेव्हा ती वायर ढिली झाली होती. बिघाड पेटीत कधी नव्हताच. तो कार्यालयातच राहिला होता आणि आपण धडधाकट पेटी दवाखान्यात नेली होती.

इथवर हसून सोडता आलं असतं. पण लेखापाल ताईंनी गटांच्या कर्जाची फाईल उघडायला गेल्या तर फाईलच नाही. कुठलीच नाही. दुकानात "विंडोज नवीन टाकलं" होतं, म्हणजे आतलं सगळं पुसून टाकलं होतं. दोन वर्षांचं कर्ज खातं, हप्ते, व्याज, शिल्लक, सगळं. त्यानंतर अकरा दिवस पाच-सहा जणी गटागटांची हाताने लिहिलेली रजिस्टरं आणि पासबुकं पुढ्यात घेऊन बसल्या आणि एकेक आकडा परत भरला. ऑडिटची तारीख पुढे ढकलावी लागली. एका गटाचा बँकेचा कर्जप्रस्ताव त्याच कागदांसाठी अडून राहिला आणि पेरणीचा पैसा उशिरा आला. त्या गटातल्या मावशी मला आजही म्हणतात, "मॅडम, तुमच्या त्या डब्यानं आम्हाला सावकाराकडं पाठवलं असतं."

दुकानदाराला बोल लावून मोकळं व्हावं असं मलाही वाटलं होतं. त्याच्या स्क्रीनवर पेटी लावली तेव्हाच चित्र आलं असणार, हे त्यानं सांगायला हवं होतं. पण आपणही त्याला "चालत नाही" एवढंच सांगितलं. काय चालत नाही, कधीपासून, आत काय आहे, यातलं काहीच नाही. आणि मी तर फोनवर दोन प्रश्नसुद्धा विचारले नाहीत. म्हणून हा धडा मी लिहायचं ठरवलं. आधी स्वतः शिकले, चार ठिकाणी विचारलं, दोन कॉम्प्युटर उघडून बघितले, आणि मग लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवू. कॉम्प्युटर ही एक वस्तू नाही. समोर दिसतो तो मॉनिटर, म्हणजे फक्त दाखवणारा पडदा. खरं काम खालच्या पेटीत चालतं, जिला आपण सगळे सीपीयू म्हणतो. आणि आपले हिशेब राहतात त्या पेटीच्याही आत, हार्ड डिस्क नावाच्या वेगळ्या भागात. घरातला टीव्ही बंद पडला म्हणून सिरियलवाले काम थांबवतात का? नाही ना. तसंच पडदा काळा झाला म्हणजे फाईल गेली असं नाही. दहातल्या बहुतेक वेळा फाईल आत सुखरूप असते, आपल्याला फक्त दिसत नसते.

आता घाबरायचं नाही आणि बटणं धडाधड दाबायची नाहीत. खुर्चीवर बसायचं आणि दिवे बघायचे.

पेटीच्या पुढच्या बाजूला एक छोटा दिवा असतो. मॉनिटरच्या खालच्या कडेला किंवा कोपऱ्यात दुसरा असतो. हे दोन दिवे आपल्याला अर्धं उत्तर देतात.

दोन्ही बंद असतील तर विषय विजेचा आहे. हसू नका, पण आधी खोलीतला पंखा लावून बघा. मग कॉम्प्युटर ज्या बोर्डाला लावला आहे त्याच ठिकाणी मोबाईलचा चार्जर लावून बघा. चार्ज होत असेल तर तिथवर वीज येते आहे. यूपीएस असेल तर त्याचं बटण बघा. लाईट बराच वेळ गेली की यूपीएसची बॅटरी उतरते आणि तो बंद पडतो. लाईट परत आल्यावर बरेच यूपीएस आपोआप चालू होत नाहीत, त्यांचं बटण पुन्हा दाबावं लागतं. आपल्याकडे लाईटचं वेळापत्रक कसं आहे ते मी सांगायला नको, त्यामुळे हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं. नंतर पेटीच्या मागे बघा. जिथे जाड वायर घुसते तिथे बहुतेक पेट्यांना एक छोटा खटका असतो, त्यावर एका बाजूला उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल काढलेला असतो. रेघेची बाजू दाबलेली म्हणजे चालू. झाडताना, पुसताना हा खटका नकळत बंद होतो.

एक दिवा लागतो आणि दुसरा लागत नाही, अशा वेळी एक सोपी युक्ती आहे. पेटीची आणि मॉनिटरची विजेची वायर पुष्कळदा अगदी एकसारखी असते. दोन्ही बोर्डातून काढा, आणि इकडची तिकडे लावा. मॉनिटरचा दिवा आधी लागत नव्हता आणि आता लागला, तर मॉनिटर चांगला आहे, वायर खराब आहे. नवी वायर फार महाग नसते. पण ही अदलाबदल केली नाही तर तेवढ्याचसाठी अख्खा मॉनिटर दुरुस्तीला जातो. काही नव्या मॉनिटरला लॅपटॉपसारखा वेगळा चार्जर असतो, त्याच्याशी ही युक्ती चालत नाही.

दोन्ही दिवे लागतात पण पडदा काळा, ही आपली मार्चमधली केस. तेव्हा आधी मॉनिटरच्या दिव्याचा रंग बघायचा. बऱ्याच मॉनिटरचा दिवा चित्र येत असताना निळा, हिरवा किंवा पांढरा असतो आणि चित्र येत नसेल तर नारिंगी होतो किंवा उघडझाप करतो. नारिंगी दिवा म्हणजे मॉनिटर म्हणतोय, "मी जागा आहे, पण मला कुणी काही पाठवत नाही." मग बघायची पेटीपासून मॉनिटरपर्यंतची वायर.

ही वायर जुन्या मशीनवर निळ्या टोकाची असते, तिला व्हीजीए म्हणतात. तिच्यात तीन ओळींत १५ पिनांची जागा असते आणि दोन्ही बाजूंना हाताने पिळायचे स्क्रू असतात. नव्या मशीनवर चपटी, काळ्या टोकाची एचडीएमआय असते, तिला स्क्रू नसतात. पेटी बंद करा, वायर दोन्ही टोकांना काढा आणि व्हीजीएच्या पिना उजेडात बघा. एखादी वाकली असेल तर ती हळूच सरळ करता येते. एखादी पिन मुळातच नसेल तर घाबरू नका, कित्येक वायरींत मधल्या ओळीतली एक पिन कंपनीनंच दिलेली नसते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती तुटली असं समजून नवी वायर आणायला निघाले होते. वायर परत लावताना जोर करायचा नाही. तिचा आकार एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद असतो, बरोबर बसली की सहज जाते. मग दोन्ही स्क्रू पिळा. स्क्रू न पिळता नुसती खोचलेली वायर आज चालते आणि टेबल हललं की उद्या काळा पडदा.

अजून एक गोष्ट इथेच सांगते. काही पेट्यांच्या मागे वायर लावायच्या दोन जागा असतात. एक वरच्या बाजूला माऊस-किबोर्डच्या शेजारी, आणि दुसरी खाली, वेगळ्या आडव्या पट्टीवर. खालची असेल तर आत चित्रासाठी वेगळं कार्ड बसवलेलं आहे, आणि मग वायर खालच्याच जागी लावायची. वर लावली तर बहुतेक मशीनवर काही दिसत नाही. कुणीतरी दान दिलेले किंवा शाळेतून आलेले जुने कॉम्प्युटर असतील तर हे नक्की तपासा.

वायर नीट आहे, तरी शंका आहे की मॉनिटर बिघडला की पेटी? त्याची परीक्षा फुकट घेता येते. पेटी बंद ठेवा, चित्राची वायर पेटीच्या बाजूने काढा आणि फक्त मॉनिटर बंद करून पुन्हा चालू करा. चांगला मॉनिटर काही सेकंद का होईना, स्वतःहून काहीतरी दाखवतो. कंपनीचं नाव, किंवा इंग्रजीत "नो सिग्नल", "चेक केबल" अशी अक्षरं. ती दिसली की मॉनिटर निर्दोष सुटला. काहीच दिसलं नाही तर त्याच्या कडेची बटणं वापरून उजेड वाढवून बघा, कधी कधी कुणीतरी तो अगदी शून्यावर नेलेला असतो. त्यानेही नाही झालं तर खोलीत अंधार करा, कॉम्प्युटर चालू करा आणि मोबाईलची बॅटरी पडद्यावर तिरकी मारा. अंधुक चित्र दिसतंय? मग पडद्यामागचा उजेड गेलाय. अशा वेळी फक्त मॉनिटर दुरुस्तीला न्यायचा, पेटी घरीच ठेवायची. मार्चमध्ये आपण बरोबर याच्या उलट केलं होतं.

आता पेटीची परीक्षा. इथे आपल्या सगळ्यांचा एक गैरसमज आहे: पंखा फिरतोय म्हणजे पेटी चालू आहे. तसं नाही. पंख्याला फक्त वीज लागते. आतला मेंदू जागा झाला नसला तरी पंखा फिरतच राहतो. इंजिनाची धडधड ऐकू येते पण पट्टा तुटलाय, अशा वेळी गिरणीत दळण निघेल का?

मेंदू जागा आहे की नाही हे किबोर्ड सांगतो. बटण दाबल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, जुन्या मशीनला तेवढा वेळ लागतो. मग किबोर्डवरचं कॅप्स लॉक हे बटण दाबा, जे दाबल्यावर सगळी अक्षरं मोठी होतात. त्याचा एक छोटा दिवा असतो. दाबल्यावर तो लागतो आणि परत दाबल्यावर विझतो का? तसं होत असेल तर पेटी आतून चालू आहे, तुमच्या फाईली बहुतेक जागच्या जागी आहेत, भानगड बहुधा दाखवण्याच्या बाजूची आहे. दिवा ढिम्म हलत नसेल तर पेटी अर्ध्यातच अडकली आहे. बिनवायरच्या किबोर्डला बऱ्याचदा हा दिवा नसतो, म्हणून कार्यालयात एखादा साधा वायरचा किबोर्ड असलेला बरा.

आणि आता या धड्यातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो मार्चमध्ये कुणीच विचारला नाही. कॉम्प्युटर चालू करताना कंपनीचं नाव किंवा चिन्ह पडद्यावर येतं का?

सांगते का महत्त्वाचा ते. बटण दाबल्यावर पेटी आधी स्वतःचे भाग तपासते. मग कंपनीचं नाव दाखवते. त्यानंतर हार्ड डिस्कवरून विंडोज वाचायला सुरुवात करते. म्हणजे पहिल्या क्षणापासून पडदा काळा असेल, नाव-चिन्ह काहीच येत नसेल, तर दोष बहुतेक विंडोजचा नसतो. मग बिघाड वीज, वायर, मॉनिटर किंवा पेटीतल्या एखाद्या भागाचा. अशा बिघाडावर विंडोज नवीन टाकणं, म्हणजे फॉरमॅट मारणं, हा उपायच नाही. पाय मुरगळला म्हणून केस कापण्यासारखं आहे ते. उलट नाव येतं, गोल फिरणारे ठिपके येतात आणि मग काळं होतं, तर विंडोजमध्ये काहीतरी असू शकतं. पण तेव्हासुद्धा फॉरमॅट हा शेवटचा उपाय, आणि तोही फाईली बाहेर काढून घेतल्यावर.

नाव आल्यावर काळं झालं तर तुम्ही स्वतः दोन गोष्टी करून बघू शकता. आपल्याकडे प्रशिक्षणाला प्रोजेक्टर लावतात. तेव्हा चित्र फक्त प्रोजेक्टरवर जाईल असं ठरवलेलं असतं, आणि कधी कधी प्रोजेक्टर काढल्यावरही कॉम्प्युटर तिकडेच चित्र पाठवत बसतो. चार चौकोनांचं चिन्ह असलेलं बटण दाबून धरा आणि पी दाबा. दोन सेकंद थांबा. मग खालचा बाण एकदा दाबून एंटर करा. चित्र नाही आलं तर पुन्हा तेच, बाण अजून एकदा जास्त. दुसरी गोष्ट: तेच चौकोनांचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम. विंडोज १० आणि ११ मध्ये यानं चित्राचा भाग नव्यानं सुरू होतो, बारीकसा आवाज येतो. उघडलेल्या फाईलला धक्का लागत नाही.

पेटीचा दिवा सावकाश उघडझाप करत असेल तर ती झोपलेली असते. कुठलंही बटण दाबा, नाहीतर पॉवरचं बटण एकदा हलकंच दाबा. दाबून धरू नका. ते पाच-दहा सेकंद दाबून धरलं की पेटी जबरदस्तीनं बंद होते आणि सेव्ह न केलेलं काम जातं. सगळे उपाय थकल्यावर तसं करायला हरकत नाही, सेव्ह केलेलं शाबूत राहतं. फक्त विंडोज अपडेट चालू असल्याचं पडद्यावर आधी दिसलं असेल तर तास-दोन तास तरी हात लावू नका.

इतकं करूनही नाही जमलं तर दुकान आहेच. त्यात कमीपणा काही नाही. पण जाताना कागदावर लिहून न्या: कधीपासून, दिव्याचा रंग कोणता, नाव-चिन्ह येतं की नाही, कॅप्स लॉकचा दिवा लागतो की नाही, आपण काय काय करून बघितलं. पेटीवर चिठ्ठी चिकटवा, "आत संघाचे हिशेब आहेत. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये." तोंडीही सांगा. दुकानदार म्हणाला की मदरबोर्ड गेलाय, म्हणजे आतली मुख्य पाटी जळाली आहे, तरी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते आणि फाईली घेता येतात. हे आधी करून द्या म्हणायचं, मग खर्चाचं बोलायचं. नवा भाग टाकला तर जुना परत मागा आणि पक्की पावती घ्या. "बाई, तुम्हाला यातलं काय कळतं" असं कुणी म्हणालंच, तर हातातला कागद पुढे करायचा.

पेनड्राइव्हचं वेगळं सांगत नाही, मार्चनंतर आपल्या कार्यालयात दर शनिवारी फाईली पेनड्राइव्हवर जातात आणि तो कपाटात कुलूपबंद होतो. कॉम्प्युटरलाच लावून ठेवलेला पेनड्राइव्ह कामाचा नाही. वीज पडली तर दोन्ही एकदमच जातात.

राहिला शेवटचा भाग, पेटी उघडण्याचा. हा सगळ्यांनी करावा असं मी म्हणणार नाही. वॉरंटी असेल, स्क्रूवर कंपनीचा कागद चिकटवलेला असेल तर अजिबात उघडू नका. पण मशीन जुनं असेल आणि कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म असेल, तर करून बघण्यासारखं एक काम आहे, आणि ते या जूनमध्ये आपल्या ताईंनी माझ्याशिवाय करून दाखवलं.

पावसाची पहिली झड संपून आठवडा झाला होता. कार्यालय चार दिवस बंद होतं. उघडलं, बटण दाबलं, पंखा चालू, पडदा काळा. आणि यावेळी पेटीतून टूं... टूं... असा आवाज येत राहिला. पेटी बिघाड दाखवू शकत नाही तेव्हा असा आवाज करून सांगते. किती वेळा आणि किती लांब वाजलं तर काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, पण पुन्हा पुन्हा वाजत राहणं हे बऱ्याच मशीनवर रॅमची तक्रार असते. रॅम म्हणजे पेटीतली साधारण पाच इंच लांबीची पट्टी. काम चालू असताना कॉम्प्युटर त्यावर तात्पुरतं मांडून ठेवतो, जसं आपण हिशेब जुळवताना पाटावर चिल्लर मांडतो. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात. ओल आणि धूळ बसली की त्या दातांचा संपर्क तुटतो. रॅमवर फाईली साठवलेल्या नसतात, त्यामुळे ती काढली-घातली तरी हिशेबाला काही होत नाही.

लेखापाल ताईंनी मला फोन केला. मी यावेळी प्रश्न विचारले, शहाणपण आलं होतं. दिवा नारिंगी, नाव येत नाही, कॅप्स लॉक नाही, आवाज येतोय. मी म्हटलं, "उद्या येते." त्या म्हणाल्या, "उद्या कशाला, तुम्ही फोनवर सांगा, आम्ही चौघी आहोत."

आधी पेटीची विजेची वायर बोर्डातून आणि पेटीतून काढली. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. वायर काढल्यावर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बांगड्या मागे सारल्या, मंगळसूत्र पदरात खोचलं. नायलॉनच्या साडीला बारीक वीज धरते, अंधारात साडी काढताना चटचट होतं ना, तीच. आपल्याला ती जाणवत नाही पण रॅमला झोंबते. म्हणून पेटीच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला आधी हात लावायचा आणि मध्ये मध्ये लावत राहायचा. मग मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला.

"मॅडम, इथं तर पाल राहून गेलीय," अध्यक्ष मावशी मागून ओरडल्या. वाळलेलं शेपूट, धुळीचे लोळे, एक मेलेलं झुरळ. कोरड्या मऊ ब्रशनं, रंगाच्या ब्रशनं, सगळं हळूहळू झाडलं. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. ओलं फडकं तर नाहीच. आणि विजेची वायर जिथे घुसते ती आतली बंद लोखंडी पेटी कधीही उघडायची नाही. तिच्यात वायर काढल्यानंतरही धक्का बसेल एवढी वीज साठून राहू शकते. बाहेरून ब्रश फिरवा, बस्स.

रॅमच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे खटके असतात, काही मशीनवर एकाच टोकाला. ते बाहेर दाबले की पट्टी वर येते. कडेला धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. शाळेतलं पांढरं खोडरबर घेऊन त्या दातांवर दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं घासायचं, काळपटपणा जाईपर्यंत, आणि खोडरबराचा चुरा पेटीपासून लांब झटकायचा. परत लावताना पट्टीतली खाच आणि खालच्या जागेतला उंचवटा जुळवायचा. मग दोन्ही टोकांवर अंगठ्यानं सरळ दाबायचं, खटके आपोआप "टक्" करून बसेपर्यंत. इथे भीतीपोटी हात हलका पडतो आणि पट्टी अर्धीच बसते. लेखापाल ताईंचंही तेच झालं, पहिल्यांदा पुन्हा काळा पडदा. मी म्हटलं, "वायर काढा, पट्टी काढा, परत लावा, जरा जोर करा." पट्ट्या दोन असतील तर एकेक लावूनही बघायची, म्हणजे त्यातली खराब असेल ती कळते.

दुसऱ्या वेळी बटण दाबलं तेव्हा फोन स्पीकरवर होता. मला एक छोटा "टूं" ऐकू आला, एकच. मग थोडी शांतता. मग चौघींचा एकदम आवाज, त्यातलं मला फक्त "आलं! आलं!" एवढंच समजलं.

संध्याकाळी कोषाध्यक्ष ताईंचा वेगळा फोन आला. त्यांचा प्रश्न होता की किराणा दुकानातून आणलेल्या पाच रुपयांच्या खोडरबराचं व्हाउचर कशात टाकायचं, स्टेशनरीत की कॉम्प्युटर दुरुस्तीत. मी म्हटलं, स्टेशनरीत टाका. त्या ऐकेनात. रोकडवहीत जूनच्या पानावर ते कॉम्प्युटर दुरुस्तीतच लिहिलेलं आहे, ५ रुपये, कुणाला बघायचं असेल तर.